वाळवंटांतील भगीरथ : बिकानेरचे महाराज गंगासिंह

भूगोलाच्या तासाला भिंतीवर भारताचा नकाशा टांगला म्हणजे वायव्येकडील विस्तीर्ण पिंवळ्या पट्ट्याकडे आपलें लक्ष सहसा जात नाहीं. तेथें नदीची निळी रेघ नाहीं, पर्वताची तपकिरी छाया नाहीं, गांवांचे ठिपकेही विरळच. परंतु ह्याच पट्ट्यांत बिकानेर नांवाचें एक नगर पांचशें वर्षांहून अधिक काळ उभें आहे. आणि त्या नगराच्या बऱ्याच उत्तरेस, अलीकडच्या नकाशांत, एक बारीक निळी रेघ काढलेली दिसते. ही रेघ निसर्गानें काढलेली नव्हे. ती ज्यांनीं काढविली त्या महाराज गंगासिंहांचें चरित्र आम्ही ह्या अंकांत आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

चरित्रनायक समजावयाचा तर आधीं त्याचें नगर समजलें पाहिजे. जोधपूर वसविणारा राव जोधा ह्याचा पुत्र राव बिका हा इ. स. १४६५ मध्यें थोडेसे सोबती घेऊन उत्तरेकडे निघाला. भर दरबारांत पित्यानें सहज काढलेला उपहासाचा एक शब्द त्याच्या जिव्हारीं लागला, अशी दंतकथा आहे. तिचें खरेंखोटें इतिहासकारांनीं पाहावें. बिकानें जाट सरदारांच्या वस्त्या आपल्या सत्तेखालीं आणिल्या, देशनोकच्या करणीमातेचा आशीर्वाद मिळविला आणि इ. स. १४८८ मध्यें आपलें नगर वसविलें. अजूनही अक्षय्यतृतीयेच्या सुमारास त्या स्थापनादिनाच्या स्मरणार्थ बिकानेरच्या घराघरांच्या गच्च्यांवरून पतंग उडतात. वैशाखाच्या त्या उन्हांत पतंग उडविण्याची हौस आमच्या इकडील मुलांना कितपत होईल, ह्याची शंकाच आहे.

त्याच वंशांतील राजा रायसिंह हा अकबराचा एक प्रमुख सेनापति होता. त्यानें इ. स. १५८९ ते १५९४ ह्या काळांत जुनागड किल्ला बांधिला. आपल्या रायगड-प्रतापगडांची संवय झालेल्या डोळ्यांस हा किल्ला प्रथम चमत्कारिक वाटतो, कारण तो डोंगरावर नसून सपाट जमिनीवर आहे. त्याचें संरक्षण तट, बुरूज, खंदक आणि सभोंवारचें निर्जल वाळवंट ह्यांनींच व्हावयाचें. आंत एकामागून एक राजांनीं बांधिलेले महाल आहेत. अनूप महालाच्या भिंती तांबड्या व सोनेरी वेलबुट्टीनें झगमगतात. परंतु आम्हांस सर्वांत विचार करावयास लावणारी जागा म्हणजे बादल महाल. त्याच्या भिंतींवर निळे मेघ, विजेचे लोळ आणि पावसाच्या धारा रंगविलेल्या आहेत. ज्या देशांत वर्षाकाठीं जेमतेम दहाबारा इंच पाऊस पडावा, आणि कित्येक वर्षीं तोही चुकावा, तेथील राजांनीं आपल्या निजण्याबसण्याच्या महालांत रत्नें न जडवितां ढग काढून घ्यावे, ह्यांत त्या भूमीची सारी व्यथा आली आहे.

ह्या घराण्याचा आपल्या महाराष्ट्राशीं संबंध आहे, तोही येथें सांगून टाकितों. राजा करणसिंह हा मोगलांच्या चाकरींत दक्षिणेंत पुष्कळ वर्षें होता व इ. स. १६६९ मध्यें औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपति संभाजीनगर, येथेंच निवर्तला. त्या शहरांतील ज्या कर्णपुऱ्यांत नवरात्रामध्यें देवीची मोठी यात्रा भरते, तो पुरा त्याच्याच नांवाचा. त्याचा पुत्र महाराज अनूपसिंह ह्यानेंही दक्षिणेच्या स्वाऱ्यांतच आयुष्य घालविलें व इ. स. १६९८ मध्यें अदोनी येथें देह ठेविला. युद्धाच्या धामधुमींत जे संस्कृत ग्रंथ नष्ट झाले असते, ते त्यानें दक्षिणेंतून गोळा करून उंटांच्या देशीं नेले. हजारों हस्तलिखितांचा तो संग्रह अनूप संस्कृत पुस्तकालय ह्या नांवानें विद्वानांस परिचित आहे. तलवारीच्या धंद्यांतल्या माणसास पोथ्यांची कीव यावी, ही गोष्ट आम्ही त्याच्या सर्व लढायांहून मोठी मानितों.

आतां आमच्या चरित्रनायकाकडे वळूं. गंगासिंहांचा जन्म इ. स. १८८० च्या आक्टोबर महिन्यांत झाला. त्यांचे वडील लालसिंह हे राजे नव्हते. राज्य वडील बंधु डूंगरसिंह ह्यांच्याकडे होतें. डूंगरसिंह इ. स. १८८७ मध्यें निपुत्रिक वारले आणि सात वर्षांचा हा मुलगा गादीवर बसला. राज्याचा कारभार अर्थातच मंडळाकडे गेला व महाराजांची रवानगी अजमीरच्या मेयो कॉलेजांत झाली. इ. स. १८८९ पासून पांच वर्षें ते तेथें शिकले. पुढें ब्रायन एजर्टन हे त्यांचे खासगी शिक्षक झाले व त्यांनीं ह्या तरुणास राज्यकारभाराचीं खातीं एक एक करून समजावून दिलीं. देवळी येथील पलटणींत लष्करी शिक्षण घेऊन, इ. स. १८९८ च्या डिसेंबर महिन्यांत, अठराव्या वर्षीं, गंगासिंहांनीं राज्याचीं सूत्रें हातीं घेतलीं. त्या वेळीं संस्थानाचा विस्तार तेवीस हजार चौरस मैलांहून अधिक होता. परंतु त्यांतील बहुतेक भाग वाळूच्या टेकड्यांचा.

पुढच्याच वर्षीं पाऊस पडला नाहीं.

विक्रम संवत् १९५६ चा हा दुष्काळ राजस्थानांत अद्यापि छपन्नाचा दुष्काळ म्हणून भीतीनें आठविला जातो. इ. स. १८९९-१९०० च्या त्या वर्षांत गुजराथ व आमचा खानदेश हेही होरपळून निघाले. मग वाळवंटाची कथा काय सांगावी! बिकानेर शहराच्या विहिरी तीनशें फुटांहून खोल. पाणी उपसण्यास उंट किंवा बैल लांब दोर ओढीत दूरवर चालत जावयाचे. चारा संपला तशीं जनावरें पडलीं, आणि जनावरें पडलीं तसें पाणी वर येणेंही बंद झालें. कुटुंबेंच्या कुटुंबें बिऱ्हाड डोक्यावर घेऊन परमुलखाकडे निघालीं. दुष्काळाच्या पाठोपाठ पटकी आली. येथें दोन आंकडे दिल्यावांचून आम्हांस पुढें जाववत नाहीं. इ. स. १८९१ च्या खानेसुमारींत संस्थानाची लोकसंख्या ८,३१,९५५ होती, इ. स. १९०१ च्या खानेसुमारींत ती ५,८४,६२७ भरली. दहा वर्षांत सुमारें अडीच लक्ष माणसें कमी! त्यांतील किती मेलीं आणि किती देश सोडून गेलीं, ह्याचा हिशेब खानेसुमारीचें कोष्टक देत नाहीं.

एकोणीस वर्षांच्या महाराजांनीं ह्या संकटांत महालांत बसून हुकूम सोडले नाहींत. ते स्वतः गांवोगांव फिरले, दुष्काळी कामें उघडलीं, अन्नछत्रें व दवाखाने चालतात कीं नाहीं हें डोळ्यांनीं पाहिलें. सरकारनें त्यांस ह्याबद्दल कैसर-इ-हिंद हें सुवर्णपदक दिलें. पदकें पुढें त्यांस इतकीं मिळालीं कीं छायाचित्रांतील त्यांच्या छातीवर तीं मावत नाहींत. पण आमच्या मतें ह्या वर्षानें त्यांस दिलेली खरी वस्तु दुसरीच होती. धान्य वांटून दुष्काळ एका वर्षापुरता हटतो, पाणी आणिल्याशिवाय तो कायमचा हटत नाहीं, हें त्या कोंवळ्या वयांत त्यांच्या मनावर कोरलें गेलें. आणि पुढील सत्तावीस वर्षें त्यांनीं तो विषय सोडला नाहीं.

मधल्या काळांत जगानें त्यांस दुसऱ्याच रूपानें ओळखिलें. बिकानेरचें उंटस्वारांचें पथक त्यांच्याच नांवावरून गंगा रिसाला म्हणून प्रसिद्ध झालें. ज्या वाळूंत घोड्याचे खूर रुततात तींत उंट आपल्या रुंद, मऊ तळव्यांवर सहज चालतो, आणि पाण्यावांचून कित्येक दिवस काढितो. म्हणून मरुभूमींतील लढाईस त्याच्यासारखें वाहन नाहीं. इ. स. १९०० मध्यें हा रिसाला चीनमध्यें गेला, तेव्हां वीस वर्षांचे महाराज स्वतः त्याच्याबरोबर होते. पुढें तो सोमालीलँडांत लढला. इ. स. १९१४ मध्यें पहिलें महायुद्ध पेटलें, तेव्हां महाराज फ्रान्सच्या रणभूमीवर व नंतर मिसर देशांत गेले, आणि त्यांच्या उंटस्वारांनीं सुएझच्या कालव्याचें तुर्की सैन्यापासून रक्षण करण्यांत भाग घेतला. बिकानेरच्या वाळूंत वाढलेल्या उंटानें सिनाईच्या वाळूंत पाऊल टाकिलें, तेव्हां त्यास फारसा परदेश वाटला नसावा.

इ. स. १९१७ मध्यें लंडनच्या साम्राज्य युद्धपरिषदेस ते हिंदी संस्थानिकांच्या वतीनें उपस्थित राहिले. तेथून परततांना रोम येथें त्यांनीं एक टिपण लिहिलें व हिंदुस्थानास साम्राज्यांतर्गत स्वराज्य देण्याचें ध्येय सरकारनें उघडपणें जाहीर करावें, असें त्यांत प्रतिपादिलें. संस्थानिकाच्या लेखणींतून तें यावें ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हती. दोन वर्षांनीं, २८ जून १९१९ रोजीं, व्हर्सायच्या राजवाड्यांतील आरसेमहालांत तहावर सह्या झाल्या, त्यांत हिंदुस्थानातर्फें मॉंटेग्यू साहेबांबरोबर गंगासिंहांची सही आहे. विल्यम ऑर्पेन नांवाच्या चित्रकारानें ह्या प्रसंगाचें जें प्रसिद्ध चित्र काढिलें, त्यांत युरोपांतील मुत्सद्द्यांच्या मागें राठोडी मिशांचे महाराज ताठ उभे असलेले दिसतात. पुढें नरेंद्रमंडळाचे ते पहिले चॅन्सेलर झाले, राष्ट्रसंघाच्या सभेस गेले, गोलमेज परिषदेंत बसले आणि काशी हिंदु विश्वविद्यालयाचे कुलपतिही झाले. ह्या मानमरातबांची यादी वाढविण्याची आमची इच्छा नाहीं.

कालव्याची गोष्ट मात्र विस्तारानें सांगितली पाहिजे. सतलज नदी बिकानेरच्या हद्दींतून वाहत नाहीं. ती पंजाबांतून जाते आणि पुढें बहावलपूर संस्थानास लागते. ज्याच्या भूमीला नदीचा कांठच नाहीं, त्यास तिच्या पाण्यावर हक्क सांगण्याचा अधिकार काय, असा बहावलपूरचा आक्षेप होता. आणि तो सर्वस्वीं गैरवाजवी होता असेंही आम्हांस म्हणवत नाहीं, कारण तेही संस्थान तहानलेलेंच. महाराजांचें म्हणणें असें कीं, नदीचें पाणी हें जेथें जमीन भुकेली आहे तेथें जावें, त्यास हद्दीच्या खुंट्या अडवूं नयेत. पत्रव्यवहार, मोजणी, नकाशे, पुन्हा पत्रव्यवहार, असें करीत वर्षांमागून वर्षें गेलीं. अखेर इ. स. १९२० मध्यें पंजाब सरकार, बहावलपूर व बिकानेर ह्या तिघांत करार झाला.

परंतु करारानें पाणी येत नाहीं. फिरोजपूरपासून बिकानेरच्या हद्दीपर्यंत ८० मैलांच्या वर कालवा खणावयाचा, आणि तोही अशा जमिनींतून कीं ओंजळभर पाणी ओतलें तर क्षणांत दिसेनासें व्हावें. साधा मातीचा कालवा केला असता तर अर्धेंअधिक पाणी वाटेंतच वाळूनें प्याले असतें. म्हणून कालव्याच्या तळास व दोन्ही बाजूंस चुनेगच्ची अस्तर घालण्याचें ठरलें. एवढ्या लांबीचा अस्तर घातलेला कालवा त्या काळीं जगांत दुसरा नव्हता, असें सांगतात. ५ डिसेंबर १९२५ रोजीं फिरोजपूर येथें महाराजांनीं पायाचा दगड बसविला, आणि दोन वर्षांच्या आंतच, २६ आक्टोबर १९२७ रोजीं, शिवपूर येथें व्हाईसरॉय लॉर्ड आयर्विन ह्यांच्या हस्ते पाणी सोडण्यांत आलें. छपन्नाचा दुष्काळ पाहिलेलीं कितीतरी माणसें त्या वेळीं हयात असलीं पाहिजेत. त्यांस बादल महालाच्या भिंतीवरील पाणी ठाऊक नव्हतें आणि व्हर्सायचा आरसेमहालही ठाऊक नव्हता. पण आपल्या शेताच्या कडेनें वाहणारें पाणी काय आहे, हें त्यांस कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

सुमारें सहा लक्ष एकर जमीन भिजविण्याच्या बेतानें हा कालवा काढिला होता. पंजाबांतून कसबी शेतकरी, विशेषतः शीख कुटुंबें, येऊन तेथें वसलीं. रामनगर नांवाच्या लहानशा वस्तीच्या जागीं आंखीव रस्त्यांचें गंगानगर उभें राहिलें, आणि जेथें काटेरी झुडपें होतीं तेथें गहूं, कापूस व ऊंस डोलूं लागला. राज्याचें उत्पन्न वाढलें. शाळा, रेल्वे व दवाखाने ह्यांस पैसा मिळाला. एक गोष्ट मात्र ध्यानांत ठेविली पाहिजे: ह्या कालव्याचें पाणी बिकानेर शहरापर्यंत पोंचलें नाहीं. नगर तेथून सुमारें दीडशें मैल दक्षिणेस असल्यामुळें त्याच्या खोल विहिरी तशाच राहिल्या. महाराज ज्या शहरांत राहत, त्याहून दूरच्या खेड्यांस पाणी आधीं मिळालें.

येथवरचें चरित्र वाचून आमच्या बालवाचकांच्या मनांत एका निर्दोष पुरुषाची मूर्ति उभी राहिली असेल. ती तशीच राहूं देणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. राजपुतान्यांतील संस्थानांत प्रतिनिधिसभा स्थापण्यांत गंगासिंह अग्रेसर होते, इ. स. १९१३ मध्येंच त्यांनीं ती बोलाविली. परंतु तिच्या हातीं अधिकार थोडे होते, आणि प्रजेनें त्याहून अधिक मागावें हें महाराजांस खपत नसे. ते गोलमेज परिषदेसाठीं लंडनमध्यें असतां त्यांच्या कारभाराचे दोष दाखविणारें एक पत्रक तेथें वांटण्यांत आलें. त्यानंतर इ. स. १९३२ मध्यें बिकानेरांत धरपकड झाली. चुरूचे स्वामी गोपालदास, सत्यनारायण सराफ, खूबराम सराफ व चंदनमल बहड प्रभृति मंडळींवर राजद्रोहाच्या कटाचा खटला चालून त्यांना कारावास भोगावा लागला. त्याच सालीं सार्वजनिक सुरक्षिततेचा कडक कायदा झाला. इ. स. १९३६ मध्यें वैद्य मघाराम ह्यांनीं प्रजामंडळ काढिलें, तर त्यांना हद्दपार व्हावें लागलें, इ. स. १९४२ मध्यें रघुवरदयाल गोयल ह्यांनीं प्रजापरिषद् स्थापिली, त्यांचीही तीच गत झाली. रोममध्यें ज्या हातानें देशासाठीं स्वराज्य मागितलें, त्याच हातानें स्वतःच्या प्रजेच्या तोंडावर असा हात ठेवावा! महाराजांचे स्तुतिपाठक हें प्रकरण गाळतात आणि टीकाकार कालवा गाळतात. आम्हांस दोन्ही पानें एकाच पुस्तकांतलीं दिसतात. तहानेनें मरणाऱ्या मुलास पाणी देणारा बाप तोच मुलगा मोठा होऊन बोलूं लागला म्हणजे रागावतो, असें घरांतही कधीं कधीं पाहावयास मिळतें; पालकांनीं आमच्यावर रुष्ट होऊं नये.

गंगासिंहांनीं शहराचें रूपही पालटलें. पित्याच्या नांवें त्यांनीं लालगड राजवाडा बांधविला. त्याचा आराखडा स्विंटन जेकब ह्या प्रसिद्ध स्थापत्यविशारदानें काढिला होता. दुलमेरा येथील तांबड्या दगडाच्या जाळ्या इतक्या बारीक कोरल्या आहेत कीं दूरवरून त्या विणलेल्या वस्त्रासारख्या दिसतात. जुनागडांत त्यांनीं गंगानिवास हा दरबार महाल उठविला. त्या किल्ल्यांत पहिल्या महायुद्धांतील एक विमान ठेविलेलें आहे, आणि पालखी-हौद्यांच्या शेजारीं तें पाहून लहान मुलें सर्वांत अधिक वेळ तेथेंच रेंगाळतात. देशनोकच्या करणीमातेच्या देवळास संगमरवरी दर्शनी भाग व रुपेरी दरवाजे त्यांच्याच काळीं लाभले. ह्या देवळांत हजारों उंदीर निर्भयपणें हिंडतात व त्यांस काबा म्हणतात, हें ऐकून कोणी नाक मुरडील. पण तेथील भाविक पायाखालीं उंदीर येऊं नये म्हणून पाय घसटत चालतात. धाकटे राजपुत्र विजयसिंह इ. स. १९३२ मध्यें वारले, त्यांच्या स्मरणार्थ मोठें रुग्णालय उभारलें. इ. स. १९३७ मध्यें राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव झाला, तेव्हां लॉर्ड लिन्लिथगो ह्यांनीं ज्या संग्रहालयाचें उद्घाटन केलें, तें गंगा सुवर्णमहोत्सव संग्रहालय पाहिल्याशिवाय शहाण्या प्रवाशानें बिकानेर सोडूं नये.

त्या संग्रहालयाच्या निमित्तानें एका परकी तरुणाची आठवण होते. लुईजी पियो तेस्सितोरी हा इटलींत घरबसल्या राजस्थानी भाषा शिकला आणि पुढें महाराजांच्या आश्रयानें बिकानेरांत येऊन राहिला. चारणांच्या पोथ्या शोधीत तो उंटावरून गांवोगांव हिंडला; रंगमहालच्या मृण्मूर्ति त्यानेंच मिळविल्या, व पुढें सिंधु-संस्कृतीचें स्थान म्हणून गाजलेल्या कालीबंगनच्या टेकाडाकडेही प्रथम त्याचेंच लक्ष गेलें. इ. स. १९१९ च्या नोव्हेंबरांत, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं, तो बिकानेरांतच वारला. त्याची समाधि त्याच शहरांत आहे.

इ. स. १९४३ च्या आरंभीं गंगासिंह दुर्धर कर्करोगानें आजारी होते व उपचारासाठीं मुंबईस राहिले होते. २ फेब्रुवारी १९४३ रोजीं मुंबई शहरींच त्यांचा अंत झाला. ज्यानें आयुष्यभर पाण्याचा ध्यास घेतला त्यास मृत्यु समुद्राच्या कांठीं आला. त्यांचे पुत्र सादूलसिंह ह्यांनीं इ. स. १९४७ च्या आगस्टांत भारतांत सामील होण्याच्या करारावर सही केली, आणि ३० मार्च १९४९ रोजीं बिकानेर राजस्थानांत विलीन झालें. गंगा रिसाल्याचे उंटस्वार भारतीय सैन्यांत गेले. बिकानेरच्या सेवेंत असलेले कंवर सेन ह्या अभियंत्यानें इ. स. १९४८ मध्यें त्याहूनही मोठ्या कालव्याची योजना मांडिली, तोच आजचा इंदिरा गांधी कालवा. त्या कालव्याचें पाणी यंत्रांनीं वर चढवून, कंवर सेन ह्यांचेंच नांव दिलेल्या शाखेनें बिकानेर शहरास आणलें गेलें.

शहराच्या पूर्वेस थोड्याच मैलांवर देवीकुंडसागर नांवाचें तळें आहे. त्याच्या कांठीं बिकानेरच्या राजांच्या छत्र्या रांगेनें उभ्या आहेत, कांहीं तांबड्या दगडाच्या, कांहीं पांढऱ्या संगमरवराच्या. त्यांत गंगासिंहांची छत्री आहे. तळें बरेंच महिने कोरडें असतें. चांगला पाऊस झालाच तर छत्र्यांचीं प्रतिबिंबें पाण्यांत पडतात, आणि तीं पाहण्यास बिकानेरचे लोक मुलांबाळांसह जातात.